निळा धूर आणि बारा रिंगा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

पहाटे लाल बहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंडच्या दरम्यान कोठेही उभे राहावे. भाजी, दूध, बर्फ, लाकडी सामान, मांडवाचे बांबू असा नाना तऱ्हेचा माल घेऊन छोटे ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. त्यांना सर्व जण 'पिकअप' म्हणतात. त्यांतील एखादी गाडी गिअर बदलताना मागे निळसर धुराचा लोट सोडते. पादचारी नाकाला रुमाल लावतो आणि पुढच्या पावलाला तो धूर विसरतो. गाडीच्या मालकाला मात्र तो विसरता येत नाही, कारण इंजिन आता डिझेलबरोबर ऑईलही जाळू लागले आहे, असा त्याचा अर्थ असतो. मग गॅरेजमध्ये निकाल मिळतो, "रिंगा गेल्या." ह्या दोन शब्दांमागे काय दडलेले असते, ते समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे वडील पिकअप चालवतात. घरचा शिधा आणि माझी फी ह्या दोन्ही गोष्टी त्या एका इंजिनातून येतात. दुसरे कारण असे की, ह्या विषयाचे छापील ज्ञान इंग्रजी पुस्तिकांत आहे आणि हातचे ज्ञान मिस्त्रींच्या तोंडी आहे. मधे उभा असतो तो गाडीवाला. काय चालले आहे हे त्याला कळत नाही, पण पैसे त्यालाच मोजावे लागतात.

प्रथम रिंग म्हणजे काय ते पाहू. पिस्टनला आपल्या शाळेच्या पुस्तकात 'दट्ट्या' म्हटलेले असते. होळीच्या पिचकारीचा दट्ट्या नळीत घट्ट बसतो, म्हणून पाणी मागे न येता पुढे जाते. इंजिनातील दट्ट्या मात्र इतका घट्ट करता येत नाही. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तापला की फुगतो, आणि घट्ट असेल तर सिलिंडरमध्ये अडकून बसेल. म्हणून तो मुद्दाम किंचित सैल ठेवतात आणि ती फट बुजवण्यासाठी त्याच्या अंगावरील खाचांत धातूच्या कड्या घालतात. त्याच रिंगा. वाफेच्या इंजिनांत पूर्वी ह्या कामासाठी तागाचे दोर गुंडाळीत. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम ह्या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने एके ठिकाणी कापलेली, सिलिंडरपेक्षा किंचित मोठी अशी धातूची कडी वापरली. ती दाबून आत घातली की स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटून राहते. आजच्या रिंगेचे तत्त्व तेच आहे.

आपल्या रस्त्यांवर बोलेरो पिकअप पुष्कळ दिसतात. त्यांतील २५२३ घन सेंटिमीटरच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात. प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा, म्हणजे एकूण बारा. वरची रिंग जळत्या वायूचा दाब अडवते. दुसरी तिला मदत करते आणि भिंतीवरचे ऑईलही खरवडते. तिसरी 'ऑईल रिंग'. भिंतीवर पातळसा थर ठेवून बाकीचे ऑईल खाली परत पाठवणे हे तिचे काम. ह्या इंजिनात पिस्टनची एक फेरी वर आणि एक खाली मिळून सुमारे २० सेंटिमीटर होते. मिनिटाला २००० फेरे धरले, तर गाडी तासभर चालताना प्रत्येक रिंग भिंतीवर घासत २४ किलोमीटर प्रवास करते, तोही आगीच्या शेजारून!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रिंग केवळ स्वतःच्या ताणावर वायू अडवत नाही. जळता वायू खाचेत शिरून रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तोच तिला भिंतीवर दाबतो. दाब जितका अधिक, तितकी पकड अधिक. परंतु त्यासाठी रिंग खाचेत मोकळी हलली पाहिजे. ऑईल जळून झालेली काजळी खाचेत साठली, तर रिंग चिकटून बसते. मग ती धड असूनही निकामी होते.

आता टर्बोकडे वळू. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ साली ह्या युक्तीचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक ओझे ओढते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. मात्र ह्या जादा शक्तीचा भार रिंगांवर येतो. भरलेली पिकअप कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला जाते, तेव्हा सिलिंडरमधील दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभर पटींच्या वर जाऊ शकतो. म्हणूनच पुष्कळ टर्बो इंजिनांत वरची रिंग पाचरीसारखी निमुळती करतात, म्हणजे ती हलताना खाचेतील काजळी चुरडली जाते. तसेच पिस्टनच्या पोटावर खालून ऑईलचा फवारा मारून त्याला थंड ठेवतात.

रिंगा जातात कशाने? सर्वांत मोठा शत्रू धूळ. २०१८ नंतर मेट्रो-४ च्या कामाने आपल्या ह्या मार्गावर किती धूळ उडाली, हे कॉलेजला चालत येणाऱ्यांना सांगायला नको. एअर फिल्टर आणि टर्बो ह्यांच्या मधल्या रबरी नळीला चीर गेली, तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ सरळ आत जाते आणि पॉलिश कागदासारखी भिंत घासते. त्याखालोखाल जुने ऑईल, आणि पाणी कमी पडून तापलेले इंजिन.

परंतु निळा धूर दिसला म्हणजे रिंगाच गेल्या, असे नव्हे. झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील झिजले तरी ऑईल आत गळते. टर्बोचे सील गेले तरी तेच होते. आमच्या गाडीच्या बाबतीत एका गॅरेजमध्ये टर्बोच्या नळीत ऑईल सापडले आणि लगेच टर्बो बदलला. हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. धूर होता तसाच राहिला. कारण नंतर दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी समजावले. रिंगांतून निसटलेला वायू खाली ऑईलच्या टाकीत उतरतो आणि तेथे दाब वाढवतो. टर्बोतले ऑईल नळीवाटे ह्याच टाकीत परत यायचे असते. टाकीत दाब असेल तर त्याला उतरता येत नाही, मग चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही ते बाहेर पडते. म्हणजे ऑईल दिसते टर्बोत आणि दुखणे असते रिंगांत. नळ तुंबल्यावर मोरी भरते, तेव्हा मोरी फोडून काय उपयोग?

म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी तपासणी हवी. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण काढावे. तेथून धुराचे झोत धकधक बाहेर येत असतील, तर गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' आहे. याहून खात्रीची पद्धत अशी. एका सिलिंडरचा पिस्टन वर आणून, दोन्ही झडपा बंद असताना, आत दाबाची हवा सोडायची आणि कान द्यायचा. ऑईलच्या झाकणातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा किंवा सिलिंडर. सायलेन्सरमधून आली तर बाहेरची झडप, एअर फिल्टरकडून आली तर आतली झडप. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचे पॅकिंग. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखाच हा प्रकार आहे.

रिंगाच गेल्या असे ठरले, की काम सुरू होते. पाणी आणि ऑईल काढतात, टर्बो सोडवतात, डिझेलच्या नळ्यांची तोंडे कचरा जाऊ नये म्हणून झाकतात, मग हेड उतरवतात. खालून ऑईलची टाकी काढतात. तिला गॅरेजात 'चेंबर' म्हणतात. प्रत्येक कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ह्यांवर क्रमांक घालतात, कारण ही जोडी बदलून चालत नाही. सिलिंडरच्या वरच्या काठाशी, जेथे रिंग पोहोचत नाही, तेथे न झिजलेली एक कड उरते. ती आधी काढावी लागते, नाहीतर नवी रिंग तिच्यावर आदळून तुटते. मग हातोड्याच्या लाकडी दांड्याने पिस्टन वर ढकलून बाहेर काढतात.

ह्यानंतरचा क्षण सर्वांत महत्त्वाचा, आणि घाई होते ती येथेच. सिलिंडर मोजला पाहिजे. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सिलिंडर वरच्या भागात अधिक झिजतो, कारण दाब आणि उष्णता तेथे अधिक असतात. समजा, वरचा व्यास खालच्यापेक्षा ०.१ मिलिमीटरने मोठा झाला आहे. परीघ व्यासाच्या ३.१४ पट, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे रिंगेचे तोंड वर जाताना सुमारे ०.३ मिलिमीटरने उघडते आणि खाली येताना मिटते, मिनिटाला हजारो वेळा. अशा सिलिंडरमध्ये नव्या रिंगा घातल्या, तर थोड्याच दिवसांत धूर परत येतो. तेव्हा झीज कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे असेल, तर इंजिन उतरवून सिलिंडर बोअर करणे किंवा लायनर बदलणे, आणि त्या मापाचे पिस्टन घालणे, ह्याला पर्याय नाही. मर्यादेच्या आत असेल, तर भिंतीवर होनिंगच्या दगडाने एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा ओढतात. ह्या रेघांत ऑईल टिकते आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळतात. होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पांढऱ्या फडक्याने पुसायचा असतो, आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत थांबायचे नसते. नुसत्या डिझेलने धुतले तर दगडाची पूड रेघांत राहते आणि नव्या रिंगा पहिल्या दिवसापासून झिजू लागतात. धुतल्यावर गंज चढू नये म्हणून लगेच ऑईलचा हात फिरवतात.

आता तोंडाची फट. प्रत्येक रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ करतात आणि तिच्या दोन टोकांमधील अंतर फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतात. ही फट शून्य का नको? साधा हिशेब करू. सुमारे ८९ मिलिमीटर व्यासाची बिडाची रिंग सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली, तर तिची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटरने वाढते. तेवढी जागा नसेल तर टोके एकमेकांवर आदळतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनचा काठ तुटतो. टर्बो इंजिनात रिंग अधिक तापते, म्हणून तेथे ह्या फटीबाबत अधिकच काटेकोर राहावे लागते. फट कमी भरली तर कानस लावून वाढवता येते, जास्त भरली तर कमी करता येत नाही. माप त्याच इंजिनाच्या पुस्तिकेतील घ्यावे, अंदाजाचे नव्हे.

पिस्टनच्या खाचांतील काजळी साफ करून रिंगा चढवतात. रिंगेवर खूण असलेली बाजू वर येते. तिन्ही तोंडे एका रेषेत न ठेवता वेगवेगळ्या दिशांना ठेवतात. मग पत्र्याच्या पट्ट्याने रिंगा दाबून, ऑईल लावून, पिस्टन हलक्या हाताने आत सरकवतात. खालचा ऑईलचा फवारा वाकू नये, ही काळजी घ्यायची. बोल्ट टॉर्क पान्याने, सांगितलेल्या क्रमाने आवळायचे. शेवटी टर्बोमध्ये ऑईल भरायचे आणि ऑईलचा दाब येईपर्यंत इंजिन सुरू न करता नुसते फिरवायचे. कोरडा टर्बो काही क्षणांत खराब होऊ शकतो.

काम झाल्यावर "हजार किलोमीटर रिकामी आणि हळू चालवा" असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. सुरुवातीला फार ओझे नको हे खरे, पण रिंगा भिंतीशी जुळायला वायूचा दाब लागतो, हे आपण वर पाहिलेच. तासन् तास नुसते चालू ठेवलेल्या इंजिनात भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि ऑईल जळतच राहते. मध्यम ओझे, बदलता वेग आणि लवकर ऑईलबदल, हा योग्य मार्ग होय.

हा लेख वाचून कोणी मिस्त्री होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शेजारी किंवा नात्यात कोणाची तरी गाडी असते. तिने निळा धूर सोडला, तर त्यांना चार प्रश्न विचारायला सांगावे. धूर रिंगांचाच आहे हे कशावरून ठरवले? सिलिंडर मोजला का, आणि माप किती आले? रिंगेच्या तोंडाची फट किती ठेवली? आणि धूळ जेथून आत आली, ती वाट बुजवली का? चांगला मिस्त्री ह्या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या त्या वयस्क मिस्त्रींनी तर मोजलेली मापे खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहून दाखवली होती. वडिलांनी ती आपल्या डायरीत, डिझेलच्या हिशेबाखाली, उतरवून घेतली.