एटोचे तीन हंगाम

स्ट्रायकरचे गोल आटले की दोष त्याच्या पायांना दिला जातो, नाहीतर मनाला. प्रशिक्षकाने त्याला मैदानात कुठे उभे केले आणि चेंडू त्याच्यापर्यंत कसा पोहोचतो, याची चौकशी क्वचितच होते. कॅमेरूनच्या सॅम्युएल एटोचे २००८ ते २०११ हे तीन हंगाम या चौकशीसाठी फार मोलाचे आहेत. खेळाडू तोच, पण सर्व स्पर्धांत मिळून गोल अनुक्रमे ३६, १६ आणि ३७.

२००८च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाची सूत्रे हाती घेताना पेप ग्वार्डिओला यांनी एटो आपल्या योजनेत नसल्याचे जाहीर केले होते. तो राहिला, आणि त्याने लीगमध्ये ३० गोल केले. मेस्सी उजवीकडे, हेन्री डावीकडे आणि मध्ये एटो अशी ती रचना. चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे आणि तो गोलच्या जवळच परत मिळवायचा, हे ग्वार्डिओलांचे तंत्र एटोच्या धावण्याला नेमके मानवले. मात्र २ मे २००९ रोजी रेआल माद्रिदविरुद्ध ग्वार्डिओलांनी मेस्सीला मध्यभागी आणून एटोला उजव्या बगलेला धाडले. मेस्सी मागे सरकला की माद्रिदच्या बचावपटूंना कोणाला धरावे ते कळेना. बार्सिलोनाने तो सामना ६-२ असा जिंकला, पण मधली जागा पुढे कोणाची होणार, हेही त्या रात्री दिसले.

त्याच उन्हाळ्यात एटो इंटर मिलानला गेला आणि त्याच्या बदल्यात झ्लाटान इब्राहिमोविच बार्सिलोनात आला. मेस्सी मध्यभागी स्थिरावत गेला तसा इब्राहिमोविचही अडचणीत आला. वर्षभरात त्याने क्लब सोडला.

इंटरमध्ये प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी एटोला सुरुवातीला स्ट्रायकर दिएगो मिलितोच्या जोडीने खेळवले. हंगामाच्या उत्तरार्धात मिलितो एकटा पुढे राहिला, त्याच्यामागे मिडफिल्डर स्नायडर आला आणि एटो बगलेला गेला. आता प्रतिस्पर्धी फुलबॅकचा पाठलाग करणे हे त्याचे काम झाले. २८ एप्रिल २०१० रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर इंटरच्या थियागो मोट्टाला लाल कार्ड मिळाल्यावर तर तो जवळजवळ बचावपटू म्हणूनच खेळला. इंटर तो सामना ०-१ असा हरला, पण दोन सामन्यांच्या एकत्रित ३-२ गोलसंख्येवर अंतिम फेरीत पोहोचला. एटोने मोकळी करून दिलेली मधली जागा मिलितोने वापरली: हंगामात ३० गोल, त्यांत बायर्नविरुद्धच्या अंतिम सामन्यातले दोन्ही. एटोचे १६ गोल पाहून त्याचा फॉर्म गेला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चेल्सीविरुद्ध लंडनमध्ये स्नायडरचा लांब पास घेऊन त्याने केलेला विजयी गोल अस्सल स्ट्रायकरचाच होता. तशा जागी पोहोचण्याची संधी त्याला कमी मिळाली, इतकेच.

मोरिन्यो गेल्यावर राफाएल बेनितेझ आणि नंतर लिओनार्दो आले. मिलितोला दुखापतींनी ग्रासले, एटो पुन्हा गोलसमोर आला आणि तिशीच्या उंबरठ्यावर त्याने ३७ गोल केले, त्यांतले २१ लीगमध्ये. संघाची कामगिरी मात्र त्या प्रमाणात उंचावली नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये शाल्केने इंटरला उपांत्यपूर्व फेरीत हरवले आणि लीगचे विजेतेपद एसी मिलानकडे गेले. इटालियन चषक तेवढा हाती आला: अंतिम सामन्यात पालेर्मोविरुद्ध इंटरने ३-१ असा विजय मिळवला; त्यातले दोन गोल एटोचे होते, तिसरा मिलितोचा.