टेपचं दुसरं टोक

बीड बायपास ओलांडून देवळाईच्या बाजूला एका ओळखीच्या माणसानं प्लॉट घेतला, तेव्हा आखणीच्या दिवशी मीही गेलो होतो. प्लॉट वीस बाय तीसचा. छत्रपती संभाजीनगरात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही; निम्मं शहर याच मापात राहतं. विकणाऱ्यानं चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. घेणाऱ्यानं पिवळा फायबर टेप धरून चारही बाजू मोजल्या. रस्त्याकडे वीस, आत तीस, मागे वीस, परत तीस. बिनचूक. नारळ फोडायची तयारी झाली, एवढ्यात गवंडी म्हणाला, “कर्ण घेऊ द्या अगोदर.”

“चारी बाजू बरोबर हायेत की मामा, आता कर्ण कशाला?”

मामांनी उत्तर दिलं नाही. टेपची कडी एका पोराच्या हातात दिली आणि स्वतः समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसले. एक कर्ण ३५ फूट ३ इंच निघाला, दुसरा ३६ फूट १० इंच. दोन्ही ३६ फूट पाऊण इंच यायला हवे होते. म्हणजे प्लॉट चौकोनी होता, पण काटकोनी नव्हता; खाटेचा पाय ढिला झाल्यावर खाट जशी एका अंगाला कलते तसा तो कलला होता. मी तिथंच कागदावर हिशेब केला. क्षेत्रफळ एक चौरस फूटसुद्धा घटत नव्हतं. पण मागची खुंटी सुमारे १७ इंच शेजारच्या रिकाम्या प्लॉटात गेली होती. त्या खुंटीवरून भिंत उठली असती, तर पुढची वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या कोणी चढल्या असत्या ते सांगायला नको.

जमिनीच्या मोजणीबद्दल आपल्याकडे एक ठाम गैरसमज आहे: चारही बाजू मोजल्या की जमीन मोजली. तीन बाजूंच्या तुकड्याला हे लागू पडतं. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याला हलायला जागाच नसते. चौथी बाजू आली की आकार सैल होतो. बाजू त्याच ठेवून तो दाबता येतो, ताणता येतो, आणि पोटातली जमीन त्याबरोबर कमीजास्त होत राहते. टेपला हे कळत नाही, त्याला फक्त लांबी कळते.

हे खडसावून सांगणारा माणूस आपल्या फार लांबचा नाही. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे निघालं की डोंगराच्या कुशीत पाटणादेवी लागते. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखाची पहिली ओळख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी करून दिली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची हकिकत त्यात आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद, शहरापासून अर्ध्या तासावर. खुद्द भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्या क्षेत्रव्यवहार या प्रकरणात ते म्हणतात की चौकोनाच्या चार भुजा तेवढ्या सांगून, लंब किंवा कर्ण न सांगता, त्याचं निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आहे, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. गणिताच्या पुस्तकात शिवी सहसा सापडत नाही. इथं सापडते, कारण त्या काळीही लोक चार बाजूंवरच काम भागवत असले पाहिजेत.

काम भागवायची रीत ठरलेली आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. आजही दलाल बांधावर उभा राहून मोबाईलवर हेच करतो. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ही रीत लिहिली, पण तिला ‘स्थूल’ फळ म्हटलं आणि सूक्ष्म फळासाठी वेगळं सूत्र दिलं. ते सूत्रही खरं उतरतं ते ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात अशा चौकोनापुरतंच. शेतं अशी वर्तुळावर बसत नाहीत. इजिप्तमधल्या एडफूच्या देवळाच्या भिंतीवर जमिनींचे जे तपशील कोरलेत, त्यांतही हीच सरासरीची रीत आहे. म्हणजे दलालाची परंपरा प्राचीन आहे, एवढं त्याच्या बाजूनं बोलता येईल.

आता एक शेत घेऊ. बाजू ओळीनं ३००, २००, ३४० आणि १६० फूट. सरासरीच्या रीतीनं ३२० गुणिले १८०, म्हणजे ५७,६०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा जवळजवळ ५३ गुंठे. पहिल्या कोपऱ्यातून तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत टेप आडवा ताणला आणि कर्ण ३०० फूट भरला असं समजा. शेताचे दोन त्रिकोण झाले. ३००, २००, ३०० चा त्रिकोण २८,२८४ चौरस फुटांचा आणि ३४०, १६०, ३०० चा २४,००० चा. दुसऱ्याला सूत्रही लागत नाही, तो काटकोनी आहे. बेरीज ५२,२८४, म्हणजे ४८ गुंठे. पाच गुंठे हवेत गेले. याच चार बाजूंमध्ये कर्ण ४०० फूट निघाला तर सव्वाएक्कावन्न गुंठे होतात आणि ४४० निघाला तर सव्वापंचेचाळीस. बांध तेच, बांधावरची बोरीची झाडंही तीच. आणि सरासरीची चूक नेहमी एकाच दिशेला जाते: ती जमीन वाढवूनच दाखवते, कारण सगळे कोपरे काटकोनात आहेत असं ती गृहीत धरते. विकणाऱ्याला ही रीत का आवडते ते यावरून कळावं.

मनाचं समाधान हवं असेल तर दुसराही कर्ण मोजावा. पहिला ३०० चा असेल तर या शेतात दुसरा ४१९ फूट ५ इंचांच्या आसपास यायला हवा. आला नाही तर टेप कुठं तरी चुकला. हा ताळा फुकट मिळतो आणि तरी कोणी घेत नाही, कारण कर्ण जातो उभ्या कपाशीतून नाही तर तुरीतून. बांधावरून चालणं सोपं असतं.

उभ्या पिकात शिरायचं नसेल तर कोपरा बांधता येतो. कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर ३०-३० फुटांवर खुंट्या मारायच्या आणि त्या दोन खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं. काटकोन असेल तर ४२ फूट ५ इंच येतं. कमी आलं तर कोपरा चेपलेला, जास्त आलं तर फाकलेला, आणि घरी कागदावर प्रमाणात काढलं की शेताचा आकार उभा राहतो. गवंड्याचं तीन-चार-पाच, म्हणजे त्या बाजूंचा काटकोनी त्रिकोण, हे याच घराण्यातलं. गुनिया, म्हणजे गवंड्याची काटकोनी पट्टी, दोन फुटांची; तिच्यावरून तीस फुटांची भिंत काढली तर गुनियेतली केसभर चूक टोकाला बोटभर होते. म्हणून जाणता गवंडी तीन-चार-पाच ऐवजी नऊ-बारा-पंधरा घेतो.

मोजणीत या शहराचा स्वतःचा एक मोठा माणूस आहे आणि आपण त्याला विसरलो आहोत. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा इथं आला, त्यानंतर त्याचा दिवाण झालेला मुर्शिद कुली खान. बंगालच्या मुर्शिद कुलीशी गल्लत नको; हा निराळा. लढायांनी उजाड झालेल्या मुलखात त्यानं अकबराच्या तोडरमलाची पैमाईश आणली. यदुनाथ सरकारांनी औरंगजेबाच्या चरित्रात लिहिलं आहे की हा देवभीरू दिवाण हाताखालच्यांची मोजणी तपासताना मोजणीची साखळी स्वतःच्या हातात धरत असे. १६५८ मध्ये धर्मतच्या लढाईत तो मारला गेला. सुभ्याचा दिवाण धुऱ्यावर वाकून साखळी धरतो, हे चित्र मला या शहरातल्या कुठल्याही दरवाजाइतकंच महत्त्वाचं वाटतं. साखळीचं एक टोक ढिलं सोडलं की काय होतं, हे त्याला ठाऊक होतं.

खुद्द तोडरमलाच्या काळी अकबराच्या दरबारानं दोरी सोडून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू घेतले होते. दोरी दवानं ओली झाली की आखडायची, सुकली की सैल पडायची, आणि रयतेचं माप सकाळी एक तर दुपारी दुसरं. शिवकाळात काठी होती, पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. ‘लीलावती’तलं निवर्तनही वीस गुणिले वीसच, फक्त काठीऐवजी दहा हातांचा वंश. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात साखळी आली ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा का, याचं उत्तर एवढंच: तेहेतीस तेहेतीस. निजामाच्या राज्यातही पुढं मुंबईच्या धर्तीवर पैमाईश झाली, म्हणून मराठवाड्यातही एकर-गुंठेच रुळले. सातबारावर आता हेक्टर-आर असलं तरी चावडीवर गुंठाच चालतो.

त्या मोजणीचं नाव शंकू-साखळी. शंकूनं काटकोन पाहायचा, साखळीनं लांबी घ्यायची. शेताच्या पोटातून एक आधाररेषा टाकायची आणि प्रत्येक वळणावरून तिच्यावर लंब सोडायचे. हे आकडे टिपणात उतरतात आणि गुणाकार बुकात त्रिकोण व समलंबांचे गुणाकार करून क्षेत्र निघतं. जुनं टिपण एकदा तरी हातात घेऊन पाहावं. बांधापेक्षा शेताच्या पोटातल्या रेषांवरच आकडे जास्त असतात. भास्कराचार्यांनी मागितलेले लंब आणि कर्ण ते हेच.

हद्दीचं भांडण असेल तर घरचा टेप पुरत नाही, हेही सांगायला हवं. टेप क्षेत्र सांगतो, जागा सांगत नाही. तुमचे ४८ गुंठे कुठून सुरू होतात ते टिपणावरून, सीमेच्या दगडांवरून आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीवरूनच ठरतं. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात त्या यासाठीच. आता ते काम उपग्रहाच्या संकेतांवर चालणाऱ्या रोव्हरनं होतं. पण मोजणीचा अर्ज करण्याआधी आपली जमीन किती आणि कशी हे स्वतःला कळावं, यासाठी टेपसारखी वस्तू नाही.

मात्र टेप धरावा कसा, हे शिकावं लागतं. फायबरच्या काही टेपांत शून्य कडीच्या बाहेरच्या काठावर असतं, काहींत कडी संपल्यावर पट्टीवर. पहिल्याच मापात चार बोटं जातात ती इथं. मध्ये टेप अर्धा फूट वाकडा गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. शंभर फुटांत त्यानं फरक पडतो तो कसाबसा एका दोऱ्याइतका. उताराचा फरक मोठा: ३० मीटर टेप जमिनीवर टाकला आणि जमीन ३ मीटर चढली असेल, तर आडवं अंतर २९ मीटर ८५ सेंटिमीटरच. म्हणून सातारा डोंगराच्या पायथ्याच्या प्लॉटांवर टेप जमिनीला टेकवायचा नाही. टप्प्याटप्प्यानं आडवा धरायचा आणि ओळंब्यानं खाली उतरवायचा. स्टीलचा टेप २० अंशांना बरोबर असतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२ होतात, तेव्हा ३० मीटरचा टेप साडेसात मिलिमीटर लांबलेला असतो. प्लॉटला हे चालून जातं.

गुंठेवारीत या सगळ्याचा कस लागतो. शेताचे विनामंजुरी तुकडे पडतात, रस्ता दलालाच्या बोटानं ठरतो आणि पहिल्या खुंटीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी मोजली जाते. पहिला प्लॉट १७ इंच कलला की त्याच्या भिंतीला भिंत लावून आख्खी ओळ कलते. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेणारी २०२१ ची दुरुस्ती यांनी कागद नियमित होतो. कोपरा होत नाही.

देवळाईच्या त्या प्लॉटवर मामांनी आखणीची फक्की पायानं पुसली. तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या प्लॉटाचा मालक स्कूटरवरून आला. त्याला कोणी फोन केला होता ते समजलं नाही. मामांनी टेपची कडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “धरा शून्य, तुमचाच कोपरा आहे.” दुसरं टोक घेणाऱ्याकडे दिलं. मागच्या दोन्ही खुंट्या चार वेळा उपटल्या, चार वेळा ठोकल्या. पाचव्या वेळी दोन्ही कर्ण ३६ फूट पाऊण इंच भरले, आणि मग नारळ फुटला.