पेडल मारताना बोटांना मुंग्या का येतात?

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर पहाटे सायकल काढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. अर्धा-पाऊण तास झाला की बोटांना मुंग्या येतात, मग चवडा बधिर होतो. त्यावर मिळणारे सल्ले मात्र बहुतेक वेळा त्रास वाढवणारे असतात.

‘पायाला रक्त पोचत नाही’ हे निदान सगळ्यात लाडकं. प्रत्यक्षात दाबले जातात ते बहुधा मज्जातंतू. बोटांकडे जाणारे तंतू चवड्यापाशी दोन हाडांमधल्या अरुंद जागेतून जातात, आणि पेडलचा सगळा भार नेमका तिथेच येतो. वरून बूट चिंचोळा असला की हाडं एकमेकांकडे ढकलली जातात आणि तंतू चिमटतो. म्हणून ‘नाडी आवळली की ताकद वाया जात नाही’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. टाच हलू नये एवढी पकड पुरे. चवड्यावरची नाडी सैलच हवी. तासाभरात, विशेषतः उन्हाळ्यात, पाऊल थोडं सुजतं. सकाळी नेमका बसणारा बूट त्यामुळेच पुढे काचतो. म्हणून बूट संध्याकाळी, पाऊल थोडं फुगलेलं असताना घ्यावा. आतली गादी काढून तिच्यावर उभं राहावं. पाऊल कडेबाहेर आलं, तर तो बूट आपल्या रुंदीचा नाही.

इंदूरचा पारा दहाच्या खाली उतरला की अनेक जण मोज्यांवर मोजे चढवतात. गारठ्याने बोटं बधिर होतात हे खरं, पण त्याच बुटात दुहेरी मोजे घातले की जागा आणखी घटते. एकच लोकरी मोजा घालावा आणि वारा अडवणारं आवरण बुटावर बाहेरून चढवावं.

महागडे क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले, बूट घेतले की प्रश्न मिटतो, असंही नाही. क्लीट फार पुढे बसवलेली असेल तर भार थेट त्या नाजूक जागेवर येतो. ती चार-पाच मिलिमीटर टाचेकडे सरकवून पाहावी. साध्या बुटात उलटी अडचण: तळ मऊ असला की लहान पेडलची कड आत टोचते. तिथे कडक तळ आणि रुंद पेडल हवं. सीट फार उंच असेल तर पाय पेडलपर्यंत पोचवण्यासाठी बोटं खाली झुकतात आणि भार पुढे जातो.

सिमरोलचा घाट जड गियरवर चढणं हा दमदारपणा समजला जातो. तेवढाच वेग मिनिटाला पन्नासऐवजी ऐंशी फेऱ्यांनी राखला, तर प्रत्येक फेरीतला दाब बराच कमी होतो. सपाट रस्त्यावर पाऊल तासन्‌तास एकाच जागी दाबलेलं राहतं. अधूनमधून सीटवरून उठावं, बुटात बोटं हलवावीत.

‘बी-१२च्या गोळ्या घे’ हा सल्लाही सर्रास मिळतो. या जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत आढळते आणि तिने पाय बधिर होतात, हे खरं. पण सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात मुंग्या जात असतील, तर आधी बूट आणि पेडल तपासावं. घरी बसूनही दोन्ही पाय बधिर राहत असतील, मधुमेह असेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या बोटामध्ये खडा रुतल्यासारखं दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.