मॅपवरचं सगळं हिरवं फुकट नसतं!
अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी फुकट तंबू टाकता येतो. नळ नाही, टॉयलेट नाही, बुकिंगही नाही. पण फोनवरच्या मॅपमधलं सगळं हिरवं सरकारी नसतं. मध्येमध्ये खासगी जमिनी असतात. मी अंधारात अशाच एका जमिनीत तंबू ठोकला आणि रात्री अकराला मालक टॉर्च घेऊन हजर! फक्त हाकललं, एवढंच नशीब.

आता फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेईकल यूज मॅप घरीच डाउनलोड करतो, कारण जंगलात रेंज नसते. रस्त्याच्या कडेला ठिपके छापलेले असतील, तिथे गाडी थोडी आत घेऊन मुक्काम चालतो. किती आत, ते नकाशावरच्या तक्त्यात बघायचं. जुनी दगडांची चूल दिसली तर तिथेच थांबा, उगाच नवं गवत तुडवू नका. ओढ्यापासून साधारण २०० फूट लांब. आणि उजेडात पोचा, प्लीज.