ध्वनिफाइलीतील नावे : मराठी आणि उर्दू

महाविद्यालयातील ध्वनिमुद्रणांची सूची करताना प्रत्येक फाइल ऐकावी लागत नाही. एमपी-३ फाइलीतच शीर्षक, गायक, वर्ष यांची नोंद असू शकते. तिला आयडी-३ टॅग म्हणतात. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत ती फाइलीच्या अखेरच्या १२८ बाइटमध्ये असते. सर्व्हरवरील पीएचपी स्क्रिप्टने शेवटून तेवढे मागे जाऊन वाचले की झाले.

अडचण लिपीची आहे. गायकाच्या नावाला जागा ३० बाइटची. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, कानामात्रासुद्धा, ३ बाइट घेते. उर्दूचे अक्षर २. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचे नाव उर्दूत २५ बाइटांत मावते, मराठीत ४१ लागतात. सूचीत ‘अब्दुल करी’ एवढेच उरते, पुढे एक मोडके चिन्ह. (मिरज ज्यांनी आपले गाव केले, त्यांची ही गत!) नारायणगुड्यात दोन्ही भाषा शिकविताना हे बोचते.

म्हणून १९९८ ची दुसरी आवृत्ती आधी वाचावी. ती फाइलीच्या आरंभी असते, ३० बाइटचे बंधन तिला नाही, आणि मजकुराआधीचा एक बाइट संकेतपद्धती सांगतो : १ म्हणजे यूटीएफ-१६, ३ म्हणजे यूटीएफ-८. तो न पाहिल्यास अक्षरे विस्कटतात. पीएचपीतील ‘गेटआयडी-३’ हे तयार साधन दोन्ही आवृत्त्या वाचते. फाइलीत केवळ पहिलीच असेल, तर तुटलेले नाव हातानेच भरावे लागते.