पाहुणे, नावाडी आणि साथ

मध्य प्रदेशातले कोरोनाचे पहिले चार रुग्ण सापडले ते जबलपुरात, २० मार्च २०२० रोजी. तिघे दुबईहून आलेले, एक जर्मनीहून. पाठोपाठ देश बंद झाला आणि शहराजवळ नर्मदेवर असलेल्या भेडाघाटच्या नावा काठाला लागल्या.

जबलपूरच्या छावणीतल्या सदर भागात राहणाऱ्या मराठी घरांसाठी भेडाघाट हा पाहुणचाराचाच भाग. नागपूर-पुण्याकडची मंडळी दिवाळीत किंवा मे महिन्यात आली की धुवांधार धबधबा, चौसष्ट योगिनींचं देऊळ, संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार आणि परतताना सदरच्या बाजारात चक्कर, हे ठरलेलं. २०२० आणि २०२१ चे दोन्ही उन्हाळे यातलं काही झालं नाही. पावसाळ्यात नर्मदा चढते तेव्हा नौकाविहार एरवीही बंदच, त्यामुळे नावाड्यांचा उन्हाळा बुडाला म्हणजे दिवाळीपर्यंतची भाकरी बुडाली. गंमत अशी की भेडाघाट-लम्हेटाघाटाचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आल्याचं जाहीर झालं तेही मे २०२१ मध्येच. जगाने दखल घेतली तेव्हा घाटावर चिटपाखरूही नव्हतं.

निर्बंध सैल झाल्यावर प्रश्न आला, जावं का? बहुतेकांना भीती वाटायची ती धुवांधारवरच्या गर्दीची. माझ्या मते ती भीती चुकीच्या जागी होती. हा विषाणू मुख्यतः श्वासातून निघणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे पसरतो. देवघरातल्या उदबत्तीचा धूर बंद खोलीत साचतो, अंगणात विरून जातो, तसंच हे. धबधब्याच्या कठड्याशी वारा असतो. खेटून उभं राहिलं नाही, तर तिथला धोका कमीच. काचा लावून पाच-सहा जणांनी केलेला वीस-पंचवीस किलोमीटरचा गाडीप्रवास त्याहून वाईट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सदरमधल्या नातेवाइकांकडचा मुक्काम: एकच बैठकीची खोली, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा, शेजारी सत्तरीची आत्या. लागण झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून ती पसरवू शकतो. त्याला ताप नसतो, म्हणून कपाळावर रोखलेलं तापमापक त्याला बिनदिक्कत आत सोडतं.

नावाड्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. भेडाघाटचा नावाडी नुसती वल्ही मारत नाही. कड्यांमधल्या बंदरकूदनी, भूलभुलैया अशा जागा आल्या की तो यमकं जुळवत, गाण्याच्या चालीत, पार टोकाच्या प्रवाशाला ऐकू जाईल अशा आवाजात कड्यांचं वर्णन करतो. मोठ्याने बोलताना, गाताना श्वासातले सूक्ष्म थेंब अधिक निघतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. हजर ६१, त्यांपैकी ५२ जणांना नंतर लागण झाली किंवा झाली असावी असं तपासात निघालं. ती तालीम बंद सभागृहात होती; नाव उघड्यावर असते, म्हणून तुलना अर्धीच. पण आपण एकदा नावेत बसतो, तो फेरीमागून फेरी करतो, दर फेरीला नवे वीस चेहरे. आपल्या वाट्याचा धोका लहान असला तरी त्याच्या वाट्याला त्याची बेरीज येते. मुखपट्टी लावून ती यमकं म्हणता येत नाहीत, तेव्हा ती प्रवाशांनीच लावायची.

पुन्हा अशी साथ आली आणि जाण्याची मुभा असली, तर मी जाईन, पण सुट्टीचा दिवस टाळून, गाडीच्या काचा उघड्या ठेवून. नाव अख्खी ठरवावी. महाग पडते, पण नावाड्याला तेवढ्याच कमाईसाठी कमी माणसांत वावरावं लागतं. मुक्काम हॉटेलात करावा आणि नातेवाइकांना गच्चीवर भेटावं. हे सदरमधल्या आत्याला पटवणं मात्र नावाड्याशी घासाघीस करण्यापेक्षा कितीतरी कठीण.