फळीवरचा माल आणि पडद्यावरचा आकडा

मंडळात आमची ओळख 'केमिस्ट' अशी करून दिली, की हमखास कुणीतरी मधुमेहाच्या गोळ्यांचा भाव विचारतं. मंडळी, आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली! औषधं देणाऱ्याला इथे अमेरिकेत फार्मसिस्ट म्हणतात. पण आपल्या मंडळातल्या काही कुटुंबांची स्वतःची फार्मसी आहे आणि वर्षअखेरीच्या मोजदादीला बोलावणं आलं की आम्ही जातो. बाटल्यांवरच्या तारखा आणि नोंदी सांभाळण्याची सवय प्रयोगशाळेतलीच. साठ्याचं आणि विक्रीचं सॉफ्टवेअर अशा दुकानात काय करतं आणि काय करत नाही, ते तिथे जवळून पाहायला मिळालं.

आधी पैशाचं बघू. समजा, वर्षभरात खरेदीच्या भावाने २४ लाख डॉलरची औषधं खपली आणि फळ्यांवर सरासरी २ लाखांचा माल असतो. म्हणजे माल वर्षात १२ वेळा फिरला. तोच साठा ३ लाखांचा असेल तर ८ वेळाच फिरला, आणि वरचे १ लाख डॉलर बाटल्यांत अडकले. घाऊक विक्रेत्याचं बिल काही त्यासाठी थांबत नाही. लहान दुकानात हा लाख म्हणजे घरावरचं कर्ज, नाहीतर मुलांच्या कॉलेजचे पैसे.

"अहो, संगणक म्हणतो बारा बाटल्या आहेत, फळीवर एकही नाही!" एका दुकानातल्या वहिनींची ही तक्रार आम्ही पहिल्याच दिवशी ऐकली. संगणक खोटं बोलत नव्हता, त्याला कुणी खरं सांगितलं नव्हतं. बहुतेक घोळ एनडीसी क्रमांकाचा असतो. अमेरिकेत औषधाच्या बाटलीवर हा १० अंकी क्रमांक असतो. औषध कोणत्या कंपनीचं, कोणतं व किती मिलिग्रॅमचं, आणि बाटली केवढी, असे त्याचे तीन भाग. ५०० मिलिग्रॅमची मेटफॉर्मिन अनेक कंपन्या बनवतात. औषध तेच, क्रमांक वेगवेगळे. घाईत एका कंपनीच्या बाटलीतून गोळ्या मोजल्या आणि पडद्यावर दुसरीच कंपनी राहिली, तर दोन्हींचा साठा चुकतो.

पेशंटला औषध बरोबरच मिळालेलं असतं. फटका बसतो दुकानाला. विम्याचे व्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थ कंपन्या, म्हणजे पीबीएम, तपासणीला आल्या की खरेदीच्या पावत्या आणि लावलेली बिलं क्रमांकाक्रमांकाने ताडून पाहतात. खरेदी ९०० गोळ्यांची आणि बिलं १,२०० गोळ्यांची निघाली, तर ३०० गोळ्यांचे पैसे परत मागतात. गोळ्या खरोखर दिल्या होत्या हे मग कागदोपत्री सिद्ध करत बसा. म्हणून बाटलीचा बारकोड वाचल्याशिवाय औषध पुढे जाऊच नये, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. संध्याकाळच्या गर्दीत ती बंद करायचा मोह होतो. करू नये. त्या वहिनींनी आता ती कायमची चालू ठेवली आहे आणि मदतनीस कुरकुरतात तेव्हा त्या ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

दुसरं म्हणजे तयार करून ठेवलेली, पण कुणी न नेलेली औषधं. पिशवी तशीच लटकत राहते. विम्याला लावलेलं बिल उलटवून ती औषधं पुन्हा साठ्यात जमा करायला हवीत. नुसती फळीवर ठेवली तर पुन्हा तोच घोळ.

आपोआप मागणी नोंदवणारी सोय मात्र डोळे उघडे ठेवून वापरावी. सॉफ्टवेअर मागचा खप पाहून माल मागवतं. रोज खपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांना ते छान. पण शेकडो डॉलरचं एक इंजेक्शन एकच आजोबा घेत होते आणि ते मुलाकडे टेक्सासला राहायला गेले, हे त्याला कोण सांगणार? फ्रीजमधलं औषध घाऊक विक्रेता सहसा परत घेत नाही. अशा महागड्या औषधांची मागणी हातानेच, पेशंटला फोन करून नोंदवावी, असं आमचं ठाम मत.

मुदतीच्या बाबतीत काम थोडं सोपं झालं आहे. २०१३ च्या औषध पुरवठा साखळीच्या कायद्यामुळे खोक्यांवर चौकोनी बारकोड आला. त्यात एनडीसीबरोबर अनुक्रमांक, लॉट आणि मुदतीची तारीखही असते. माल आला तेव्हाच तो वाचून घेतला, तर पुढच्या सहा महिन्यांत मुदत संपणाऱ्या बाटल्यांची यादी काढता येते.

विक्रीच्या बाजूने पाहण्याजोगा आकडा एकच: प्रत्येक प्रिस्क्रिप्शनमागे काय उरलं. पुष्कळदा विम्याकडून खरेदीच्या भावापेक्षाही कमी पैसे येतात. मेडिकेअरच्या औषध योजनेत २०२३ अखेरपर्यंत काही कपात कित्येक महिन्यांनी होई, त्यामुळे पडद्यावरचा नफा भ्रामक असे. १ जानेवारी २०२४ पासून ती विक्रीच्या वेळच्या किमतीतच धरावी लागते. त्याने नफा वाढला असं नाही. तोटा त्याच दिवशी दिसू लागला, इतकंच.

वर्षाची मोजदाद एकदमच करण्यापेक्षा रोज पंधरा बाटल्या मोजाव्यात, किमतीने सर्वांत महाग आधी. आम्ही पाहिलेल्या दुकानांत हे सकाळी कुलूप उघडल्यावर अर्ध्या तासात उरकतं.

डिसेंबरच्या मोजदादीसाठी ज्यांना हात द्यायचा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत नाव सांगावं. नियंत्रित औषधांचं कपाट फार्मसिस्टच उघडतील आणि मोजतील, आपल्याकडे बाकीच्या फळ्या. चहा-पोहे दुकानाकडून.